रोपं बदलली नव्हती, गयामावशी

परवा तुमच्या जलदानविधीला येऊन गेले. मांडवात मागच्या रांगेत बसले. तुम्ही असतात तर दंडाला धरून पुढे आणून बसवलं असतंत, "मॅडम मानूस असं दाराशी बसतंय व्हय?" म्हणून. तुम्हाला जाऊन अजून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत आणि इकडे केंद्रात सगळं सुरळीत चालू आहे, याचाच मला राग येतो. तुमच्या जागेवर आलेला माणूस नेटहाऊसची, त्या जाळीच्या खोलीची, दोन्ही दारं सताड उघडी टाकून मोबाईलवर बोलत उभा असतो. काल ओरडले त्याच्यावर. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आत हाय काय आता?" खरंच काही नाही. त्याला तरी काय बोलायचं?

तुमच्याबद्दल चांगलं बोलायला गावात पुष्कळ माणसं आहेत. मला जे बोलायचंय ते दुसरं कुणी बोलू शकत नाही. तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याविरुद्ध दोन ओळी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. त्या दोन ओळींनी तुमचं नेटहाऊस गेलं. त्या खोट्या होत्या, हे मला वर्षभरातच कळलं, आणि तरी "मावशी, माझं चुकलं" हे तुमच्या तोंडावर मी एकदाही म्हटलं नाही. रोज उद्या-उद्या करत राहिले. आता म्हणायला बसलेय तर ऐकायला तुम्ही नाहीत.

राहुरीच्या बाहेर, मुळेच्या कालव्याच्या अंगाला आपलं हे छोटं संशोधन केंद्र. अठरा वर्षांपूर्वी मी तिथे लागले तेव्हा तुम्ही रोपवाटिकेत डाळिंबाच्या गुट्या आणि आंब्याची कलमं बांधत होतात. मला झाडांच्या रोगांतलं पुस्तकी सगळं येत होतं आणि कलम एकही येत नव्हतं. माझी पहिली तीन कलमं वाळून गेली. चौथ्याला तुम्ही माझ्या हातातून चाकू काढून घेतलात. "हात हाय का सांडशी? जरा हळू धर की बाय, झाडाला बी अंग आसतं." चारचौघांत तुम्ही मला मॅडम म्हणायचात. दोघीच असलो की बाय. मला बाय जास्त आवडायचं, हेही कधी सांगितलं नाही बघा.

त्याच वर्षी मी पुणतांब्याला माहेरी गेले होते. चुलतभावाच्या वांग्यात बोकड्या पडला होता. पानं नखाएवढी, फांद्यांना नुसते झुबके, फुलं हिरवीगार आणि अख्ख्या झाडावर वांगं एकही नाही. भाऊ कपाळाला हात लावून बसला होता आणि मी निर्लज्जासारखी खूश. एक झाड मुळासकट गोणीत घालून एसटीने घेऊन आले. गोणी उघडल्यावर तुम्ही म्हणालात, "माहेरहून लोकं साडीचोळी आनत्यात. तू रोग आनला का गं?"

तो रोग ज्या जंतूमुळे होतो, त्याची गोष्टच निराळी. बाकीचे जंतू काचेच्या बशीत खुराक घातला की वाढतात. हा वाढत नाही. झाडाच्या पानांत तयार झालेला गोड रस ज्या नळ्यांतून वाहतो, त्या नळ्यांत हा राहतो. नाहीतर तो रस पिणाऱ्या तुडतुड्याच्या अंगात. तुडतुडा एका झाडावरून उडून दुसऱ्यावर बसला की हाही त्याच्याबरोबर तिथे. यापलीकडे त्याला जग नाही. म्हणजे त्याचा अभ्यास करायचा तर तो जिवंत झाडातच सांभाळायला हवा. त्यासाठी सदाफुली. आजारी झाडाची फांदी निरोगी सदाफुलीवर बांधायची, जंतू तिच्यात उतरतो. ती दमली की मरायच्या आत पुढच्या रोपावर. पुन्हा पुढच्या. हे तुम्ही पंधरा वर्षं केलंत. दिवाळी नाही, आजारपण नाही, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा हळदीच्या हातांनी येऊन दोन कलमं बांधून गेलात.

मी रोपांवर मार्करने नंबर घालायची आणि उन्हाने ते महिन्यात उडून जायचे. तुम्ही ब्लाउजपीसच्या चिंध्या बांधायचात. हिरवी चिंधी पुणतांब्याच्या वांग्याची, लाल चिंधी अकोल्याकडून आणलेल्या तशाच आजारी तिळाची. नंबर तुम्ही कधी उच्चारला नाहीत. पुणतांब्याची आणि अकोल्याची, एवढंच. "पुनतांब्याचीला आज जरा ताप हाय," असं तुम्ही म्हणालात की मी समजायची, पानं पिवळी पडतायत. "तुझी भनच की ती, एका माहेरच्या तुमी," म्हणून मला चिडवायचात. मी पुणतांब्याहून आले की तुम्ही आधी तिला जाऊन सांगायचात, आली गं तुझी ताई.

आणि ती दोन दारं! नेटहाऊसला दोन दारं, मध्ये पाऊलभर जागा, बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. एक तुडतुडा आत आला तरी पुणतांब्याचीचा रोग अकोल्याचीला आणि तिचा हिला. म्हणून त्या मधल्या जागेत तुम्ही प्रत्येकाला कपडे झाडायला लावायचात. एकदा बाहेरून कुणी मोठे अधिकारी आले होते. आपले साहेब त्यांच्यापुढे वाकून चाललेले. तुम्ही त्या पाहुण्यांना दारातच अडवलंत. "सायब, कोट झाडा. खिशे बी." आपल्या साहेबांचा चेहरा असा काही झाला की मी हसू दाबायला तोंड फिरवलं. पाहुण्यांनी मुकाट खिसे उलटे केले. आत आल्यावर त्यांना मी समजावून सांगत होते, की या जंतूचे पूर्वज एकेकाळी स्वतंत्र राहणारे होते, स्वतःला लागणारं जवळजवळ सगळं स्वतः बनवू शकत होते. झाडाच्या रसात राहायला आल्यावर सगळं तयार मिळू लागलं. मग ते ते बनवायची जनुकं, म्हणजे कसं बनवायचं याची अंगात लिहिलेली माहिती, हळूहळू गळत गेली. आज त्याच्याजवळ फार थोडी जनुकं उरलीत. साहेब आणि पाहुणे मान डोलावत होते. तुम्ही मागून म्हणालात, "म्हंजी सासऱ्याच्या घरी ऐतं गिळून गिळून चूल पेटवायची इसरला. घरजावई हाय मेला." पाहुणे इतके हसले की त्यांना बाहेर न्यावं लागलं. मी पुढे किती वर्गांत हे उदाहरण दिलंय, मावशी! तुमचं नाव न घेता.

त्या दोन दारांच्या मधल्या जागेत मी रडलेसुद्धा आहे. वर्षभराचं काम एका फ्रीजच्या बिघाडाने वाया गेलं होतं. तुम्ही आतून बघितलंत आणि दार न उघडताच म्हणालात, "तितंच रडून घे. आत डोळं पुसत आलीस तर पदराबरुबर काय काय आनशील." रडता रडता हसले मी. मग तुम्ही बाहेर आलात, डबा उघडलात, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवलीत आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिलात. असं जेवू घालणारं माणूस मला पुन्हा नोकरीत भेटलं नाही.

आता त्या दोन ओळींचं.

पहिल्या वर्षी मी पुणतांब्याच्या मूळ वांग्याची थोडी पानं अतिथंड पेटीत ठेवून दिली होती. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कामासाठी ती पानं आणि तुमची हिरव्या चिंधीची सदाफुली यांतला जंतू एकच आहे हे दाखवायचं होतं. ओळख पटवायला मी एक ठरावीक जनुक निवडलं. पानांत ते मिळालं. सदाफुलीत नाही. पुन्हा केलं, नाही. तिसऱ्यांदा केलं, नाही. माझं डोकं फिरलं. पंधरा वर्षांचं काम, आणि रोप भलतंच! मी तणतणत नेटहाऊसमध्ये आले. कपडेही झाडले नाहीत.

"मावशी, चिंध्या कधी बदलल्यात?"

"कशाच्या?"

"हिरवीची लाल झाली, लालची हिरवी झाली. कधी झालं ते सांगा. मी ओरडणार नाही." ओरडतच म्हणाले मी हे.

तुम्ही हातातली कलम बांधायची पट्टी खाली ठेवलीत. "न्हाई बदलली बाय. म्या तिला वळकीती. रोज बघती."

"ओळखून काय होतंय? चिंध्या बांधून विज्ञान होत नाही मावशी!"

तुम्ही पट्टी उचलून अर्धं राहिलेलं कलम बांधायला लागलात. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. मी त्याच तिरीमिरीत जाऊन लिहून दिलं, की नेटहाऊसमधील मजुराच्या निष्काळजीपणामुळे रोपांची सरमिसळ झाली आहे. बघा, नावसुद्धा घातलं नाही मी तुमचं. मजूर. आठ दिवसांत तुम्हाला बाहेरच्या प्लॉटवर कांद्याच्या खुरपणीला लावलं. तुमच्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं राहिली होती. त्या उन्हाळ्यात नेटहाऊस बघायला जो कुणी होता त्याने वेळेवर कलमं केली नाहीत. आधी पुणतांब्याची गेली, मग अकोल्याची. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही खुरपं टाकून नेटहाऊसच्या दारापर्यंत आलात आणि आत न येता परत गेलात. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरले नाही.

पुढच्या वर्षी बाहेरून मदत मिळाली आणि पेटीत ठेवलेल्या सगळ्या नमुन्यांचा, गेलेल्या दोन्ही सदाफुलींच्या पानांसकट, पूर्ण जीनोम वाचून आला, म्हणजे जंतूच्या अंगातली सगळीच्या सगळी माहिती. हिरव्या चिंधीचा जंतू पुणतांब्याचाच होता. इथून तिथून पुणतांब्याचा, बारीकसारीक खुणांसकट. अकोल्याचा त्यात अंशही नव्हता. फक्त काही जनुकं गायब होती आणि ती सगळी तुडतुड्याच्या अंगात टिकून राहायला लागणारी. पंधरा वर्षं त्या जंतूला तुडतुडा भेटलाच नव्हता ना! तुम्ही भेटू दिला नव्हता. लाल चिंधीच्या अकोल्याचीतही तसंच झालेलं. दोघी आपापल्या घरच्याच होत्या, दोघींनी तीच गोष्ट गमावली होती. आणि मी ओळख पटवायला नेमकं तेच जनुक निवडलं होतं, जे तुमच्या चोख राखणीमुळे गेलं होतं. तुम्ही हयगय केली असतीत, चार तुडतुडे आत येऊ दिले असतेत, तर कदाचित ते राहिलंही असतं. तुम्ही काम नीट केलंत म्हणून मी तुम्हाला निष्काळजी ठरवलं.

कागद हातात घेऊन मी कांद्याच्या प्लॉटवर आले. माफी मागायलाच आले होते, शप्पथ. पण तोंड उघडलं आणि जंतूबद्दलच बोलू लागले. तुम्ही वाफ्यात बसूनच ऐकलंत.

"म्हंजी माज्या हातनं कलमावर कलम झाली, त्याला तुडतुडा दिसलाच न्हाई."

"हो. म्हणून ती जनुकं गळाली."

"गळाली कशानं? नगं हुती म्हून टाकली आसतील."

"जंतू ठरवून काही टाकत नाही मावशी. त्याची नक्कल होताना चुका होतात. अशी चूक बाहेर शेतात झाली असती तर तो तिथेच संपला असता, कारण तुडतुड्याशिवाय दुसऱ्या झाडावर जाणार कसा? इथे तुम्ही त्याला पोचवत होतात. म्हणून चूक खपून गेली."

तुम्ही खुरपं थांबवलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. "म्हंजी चुकलेल्याला मीच पोसलं म्हन की." हसत होतात. मी वाफ्यातली माती बघत उभी होते. तेव्हाच म्हणायचं होतं. तुम्ही वाटही बघितलीत थोडी, असं मला आता वाटतं. मग तुम्हीच विषय बदललात. "गेलेलं परत येतंय का पर त्याचं?"

"नाही. गेलं ते गेलं."

"येतंय की. कुनी ना कुनी देतंय."

"असं नसतं मावशी!"

"बरं बाई, नसतंय. चहा पिऊन जा."

मी चहाही न घेता निघाले. तो वाद तसाच राहिला. मागाहून वाचलं तर तुमचं अगदीच चूक नव्हतं. एका झाडात या जंतूचे दोन वाण एकत्र आले तर जनुकांची देवाणघेवाण होते अशा खुणा सापडतात. म्हणजे कुणी ना कुणी देतं. हे तुम्हाला सांगायला यायचं, असंही मनात होतं. जनुकं गळाल्याच्या शोधावर मी तीन ठिकाणी व्याख्यानं दिली, टाळ्या घेतल्या. साहेबांकडे जाऊन ते जुनं पत्र मात्र खोडलं नाही. खोडायचं तर चूक कुणाची होती, हे आलं असतं, आणि माझी बढतीची मुलाखत तोंडावर होती. हे कारण. लिहिताना लाज वाटते, पण दुसरं काही नव्हतं.

परवा मांडवात त्रिसरण-पंचशील झालं आणि मग आदरांजलीचे दोन-दोन शब्द. माझं नाव पुकारलं. मी माईकवर गेले आणि म्हणाले, गयाबाई अत्यंत कष्टाळू आणि प्रामाणिक होत्या, त्यांची उणीव भासत राहील. बसले येऊन. जेवायला सुजाता माझ्या शेजारी बसली. तुमची मुलगी श्रीरामपूरला नर्स आहे हे माहीत होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. ती म्हणाली, "आई तुमचं फार नाव घ्यायची मॅडम. जाळीतल्या अंधुक प्रकाशात तिला कलमाची चीर दिसेना झाली होती, तुम्ही ते ओळखून तिला उजेडातलं काम दिलंत. तिने सांगितलं होतं आम्हाला."

तीन वर्षं तुम्ही घरात हे सांगत होतात! माझी लाज राखत होतात की स्वतःची, कोण जाणे. बहुतेक माझीच. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुजाता, तुझ्या आईचे डोळे चांगले होते." मग सगळं सांगितलं. पत्र, त्यातले शब्द, पुढे काय निघालं, मी गप्प कशी राहिले, सगळं. ती माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही. तुम्ही पट्टी ठेवली होतीत तसा तिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "मग हे मघाशी माईकवर का नाही सांगितलंत?"

माईकवाला वायर गुंडाळत होता. त्याला पुन्हा लावायला लावलं. लोक जेवत होते, कुणी वाढत होते, लहान मुलं पळत होती. मी म्हटलं, गयाबाईंवर केंद्रात एक ठपका ठेवला होता, त्यांनी रोपं बदलली म्हणून. त्यांनी रोपं बदलली नव्हती. तो ठपका मी ठेवला होता आणि तो खोटा होता. वाढणारे थांबले होते. खाली उतरले तर सुजाताने माझं ताट सरकवून ठेवलं होतं. "जेवा आता," एवढंच म्हणाली. तिने मला माफ केलंय असं मी समजत नाही. पण जेवले.

आज सकाळी साहेबांकडे दुसरं पत्र घेऊन गेले. यात तुमचं पूर्ण नाव आहे. तुमचं काम काय होतं ते आहे, चूक कुणाची होती तेही आहे. जुन्या पत्राच्या फाईलमध्येच, त्याच्यावरती लावा म्हटलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, त्या तर गेल्या. आता याचा कुणाला उपयोग?"

"साहेब, मी आहे ना अजून," म्हटलं.

पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी माझ्या प्रतीवर शिक्का मारून सही केली. उद्या ती सुजाताच्या हातात देऊन येते. तुमच्या हातात द्यायला मला दोन वर्षं होती, मावशी. केंद्राच्या मागच्या फाटकातून तुमचं घर पायी दहा मिनिटांवर होतं.